मालवाहतुकीचा धंदा आणि त्याची जोखीम

कापसाच्या बोंडापासून अंगावरील सदऱ्यापर्यंतचा प्रवास सांगताना शेतकरी, जिनिंगवाला, गिरणीवाला आणि दुकानदार ह्या चौघांची नावे बहुधा घेतली जातात. ह्या चौघांच्या मध्ये माल उचलून नेणारा एक पाचवा माणूस उभा असतो. त्याचे नाव घेण्याची आठवण सहसा कोणास होत नाही. माल वेळेवर पोहोचला तर तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि माल वाटेत अडला तर सर्वांच्या रागास तोच एकटा पात्र होतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा पाचवा माणूस आता पुष्कळदा तरुण असतो. चार-सहा एकर कोरडवाहू शेतीवर घर चालेनासे झाले म्हणून त्याने टेम्पो घेतलेला असतो. कोणी थोड्या अधिक हिमतीचा असला तर ट्रक घेतो. कोणी दिग्रस-दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेऊन पार्सलची वखार उघडतो. शहरांतून ह्या धंद्यास लॉजिस्टिक्स असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी प्रश्न मात्र जुना आहे. गाडी चालविणे हे कसब महिन्या-दोन महिन्यांत साधते. परंतु गाडीचा धंदा चालविणे अनेकांस पाच वर्षांतही साधत नाही. असे का व्हावे?

उत्तर देताना माणसाच्या आळसाला किंवा अडाणीपणाला बोल लावण्याची रीत आहे. ती रीत अन्यायाची आहे. वाहतुकीचा धंदा एकट्या गाडीवर उभा राहत नाही. सभोवतालचे रस्ते, कायदे, पतपुरवठा, हंगाम आणि देण्याघेण्याची रीत ह्या सर्वांवर तो उभा असतो. आणि ह्या सर्वांमध्ये एक गोष्ट निर्णायक ठरते, ती ही की नुकसान आले असता ते सोसावयाचे कोणी. ह्या जिल्ह्याने गेल्या दीडशे वर्षांत तीन प्रकारचे वाहतूकदार पाहिले आहेत. त्या तिघांची गोष्ट क्रमाने पाहिली म्हणजे ह्या विधानाचा उलगडा होईल.

पहिला वाहतूकदार म्हणजे बंजारा. पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांत आज जे तांडे वसलेले दिसतात, त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरत असत. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. हा प्रवास संथ होता, पावसात माल भिजे आणि धुळीने कापसाची प्रत उतरे, हे खरे. तथापि बंजाऱ्याच्या धंद्याची बांधणी विचार करण्यासारखी होती. बैल त्याचे स्वतःचे असत. चारा बहुतेक वाटेवरच्या रानात मिळे. बहुधा तो परक्याचा माल भाड्याने नेण्यापेक्षा स्वतःच विकत घेऊन विकीत असे. मुख्य म्हणजे त्याचे बैल परतताना रिकामे येत नसत. धान्य किंवा कापूस घेऊन गेलेला तांडा किनाऱ्यावरून मीठ घेऊन देशात परते. जातानाही माल आणि येतानाही माल, हे त्याच्या धंद्याचे रहस्य होते. आजचा वाहतूकदार नेमका ह्याच ठिकाणी अडखळतो, हे पुढे दिसून येईल.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा तेव्हापासून वेगाने बसत गेला. त्यांस कोणी भरपाई दिली नाही. देण्याची कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात आली नसावी. जोखीम सर्वस्वी त्यांची होती, आणि नुकसानही त्यांनीच सोसले.

दुसरा वाहतूकदार ह्याच्या अगदी उलट प्रकारचा होता. मुख्य रेल्वे यवतमाळच्या उत्तरेकडून गेली. जिल्ह्याचा कापूस बैलगाड्यांत भरून धामणगावच्या स्टेशनावर न्यावा लागे. हे अंतर तोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे झाली, आणि मूर्तिजापूरहून दुसरी शाखा अचलपूरकडे गेली. मुंबईतील किलिक निक्सन ह्या १८५७ पासूनच्या इंग्रज पेढीने हे काम हाती घेतले होते आणि त्यासाठी १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली होती. लोकांनी ह्या गाडीचे नाव शकुंतला ठेवले आणि तिच्यावर प्रेमही केले. १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबले. १९९४ च्या एप्रिलात त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले.

शकुंतलेविषयी आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु येथे तिच्या व्यवहाराकडे पाहावयाचे आहे. त्या काळी हिंदुस्थानात रेल्वे बांधणाऱ्या खाजगी कंपन्यांस सरकारचा भक्कम आधार असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशी १८४९ मध्ये जो करार झाला, त्यात भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी होती. धंद्यात तूट आली तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून, भरून निघावयाची. पुढे शाखा-मार्ग काढणाऱ्या लहान कंपन्यांसाठीही निरनिराळ्या सवलती आखल्या गेल्या. कोठे किमान नफ्याची हमी, तर कोठे मुख्य मार्गाच्या मिळकतीतून सूट. यवतमाळच्या मार्गावर गाड्या चालविण्याचे काम मोठ्या रेल्वेकडे होते, आणि कंपनीकडे मार्गाची मालकी व उत्पन्नातील करारबद्ध वाटा. इंजिनात कोळसा घालण्याची, नोकरांचे पगार देण्याची, रोजच्या खोळंब्याची काळजी कंपनीच्या दारापर्यंत येत नसे.

अशा आधारामुळेच ह्या आडवळणाच्या मुलखात रूळ पडले, हे मान्य केले पाहिजे. निव्वळ आपल्या हिंमतीवर एवढे भांडवल येथे कोणी गुंतविले नसते. परंतु ह्याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम सावकाश दिसून आला. ज्याच्या मालकीचा मार्ग तो गाडी चालवीत नाही, आणि जो गाडी चालवितो त्याच्या मालकीचा मार्ग नाही, असा हा संसार होता. घर भाड्याचे असले की भाडेकरू भिंत बांधीत नाही, आणि भाडे येत असले की मालक छप्पर शाकारीत नाही. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारच्या एकछत्री कारभाराखाली आल्या, तरी हा मार्ग त्या जुन्या कंपनीच्याच मालकीचा राहिला. मार्ग जीर्ण होत गेला, वेग उतरत गेला, आणि शेजारच्या रस्त्यावरून बस व ट्रक पुढे निघून गेले. आज ती गाडी धावत नाही. यवतमाळकरांनी रुंद रुळांची वाट फार वर्षे पाहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या सुमारे २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्ध्यापासून जिल्ह्यातील कळंबपर्यंतचा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला.

तेव्हा पहिल्या वाहतूकदाराच्या शिरावर सारी जोखीम होती आणि तो नाहीसा झाला. दुसऱ्याच्या शिरावर फारच थोडी होती आणि तो जागच्या जागी थिजला. आता तिसऱ्याकडे वळावे.

मोटारट्रक ह्या मुलखात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आला, आणि आल्याबरोबर त्याचे रेल्वेशी वैर जडले. रस्त्यावरील मोटारी रेल्वेचे उत्पन्न खातात अशी तक्रार झाली. मिचेल व कर्कनेस ह्या दोन अधिकाऱ्यांनी १९३२-३३ मध्ये ह्या स्पर्धेची पाहणी केली. आणि पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्या कायद्याने मालाच्या गाडीस परवाना आवश्यक केला. गाडी कोणत्या प्रदेशात फिरेल आणि किती परवाने द्यावयाचे, हे अधिकारी ठरवू लागले. रस्त्यावरील सुरक्षितता हा एक हेतू त्यात होताच. परंतु रेल्वेचे रक्षण हाही एक उघड हेतू होता. परवाना ही अशा रीतीने एक मिळकत झाली. ज्याच्याजवळ ती होती त्याचे साधले, आणि नव्याने येणाऱ्यास दारातच ताटकळावे लागले. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. परवाना सामान्यतः नाकारू नये असे धोरण त्यात आले आणि दार मोकळे झाले.

दार मोकळे होण्याचे महत्त्व परदेशाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. आफ्रिकेतील वाहतूक इतकी महाग का, ह्याचा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी काही वर्षांपूर्वी शोध घेतला. रस्ते खराब म्हणून भाडी चढी असतील, अशी सर्वांची समजूत होती. मध्य व पश्चिम आफ्रिकेत निराळेच दिसले. तेथे गाडी चालविण्याचा खर्च फारसा अधिक नव्हता. परंतु माल कोणी उचलावयाचा हे वाहतूकदारांच्या संघटना आणि सरकारी कचेऱ्या पाळीपाळीने ठरवीत. त्यामुळे जुनी, मोडकी गाडी आणि चांगली गाडी दोहोंस सारखीच पाळी मिळे. चांगले काम करण्याचा लाभ कोणासच नसे, आणि वाढीव भाडे ग्राहकाच्या माथी बसे. उलट रवांडा ह्या लहानशा देशाने १९९४ च्या भीषण हत्याकांडानंतर ही बंधने सैल केली, तेव्हा तेथील भाडी लक्षणीय उतरली. पाळीने नंबर लावण्याची रीत आपल्याकडेही काही खाणींच्या आणि कारखान्यांच्या दारी ठाऊक आहे. जुन्या मंडळींना ती न्यायाची वाटते. नव्यास मात्र नंबराच्या यादीत आपले नाव येईपर्यंत हप्ते भरावे लागतात.

आपल्याकडे दुसरीही काही दारे मोकळी झाली. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. त्यापूर्वी प्रत्येक गावाच्या वेशीवर नाका असे, आणि ट्रक पावती फाटेपर्यंत उभा राही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि देशभर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके बंद झाले. २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल नावाचे एकच कागदपत्र सामान्यतः सर्वत्र चालू लागले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोल फास्टॅगने देणे सक्तीचे झाले. कन्याकुमारीहून काश्मीरकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग यवतमाळवरून जातो. २०२२ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले. जागतिक बँकेच्या २०२३ च्या क्रमवारीत १३९ देशांमध्ये भारताचा क्रमांक ३८ वा लागला. २०१४ मध्ये तो ५४ वा होता. ही प्रगती खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

मग एवढे सारे सुधारले असता दारव्ह्याच्या त्या तरुणाचे गाडे का रुतते? ह्याचे उत्तर क्रमवारीत सापडत नाही. ते एका ट्रकच्या जमाखर्चात सापडते. तो जमाखर्च येथे मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा, सर्व खर्चासह गाडी तीस लाखांस पडली. पाच लाख घरचे, म्हणजे बहुधा आईचे दागिने आणि दोन हंगामांची बचत. पंचवीस लाख कर्ज, शेकडा अकरा व्याजाने पाच वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे चोपन्न हजार येतो. आता ही गाडी कापसाच्या गाठी घेऊन सातशे किलोमीटर गेली आणि तिला चाळीस हजार भाडे मिळाले. जाताना डिझेल सोळा हजारांचे. टोल, चालक-क्लीनरचा खर्च, दलाली आणि हमाली मिळून आठ हजार. परतताना माल मिळाला नाही तर रिकाम्या गाडीस डिझेल काहीसे कमी लागते, बारा हजार धरावे. टोल व इतर खर्च पाच हजार. बेरीज एकेचाळीस हजार. चाळीस मिळाले आणि एकेचाळीस गेले. हप्त्याचा तर अद्याप विचारही झालेला नाही.

परतीचा माल मिळाला तर चित्र पालटते. परतीचे भाडे पंचवीस हजार धरले आणि परतीचा खर्च सोळा अधिक सहा असा बावीस हजार धरला, तर एकंदर मिळकत पासष्ट हजार, खर्च शेहेचाळीस हजार, आणि एका फेरीमागे शिल्लक एकोणीस हजार. महिन्यास तीन फेऱ्या झाल्या तर सत्तावन्न हजार. हप्ता चोपन्न. हाती राहिले तीन हजार. त्यांत टायर, विमा, पासिंग आणि मालकाच्या घरची चूल.

यवतमाळसारख्या जिल्ह्याचे दुखणे येथे उघडे पडते. ह्या जिल्ह्यातून माल बाहेर जातो तो हंगामात आणि एकदम जातो: कापसाच्या गाठी, सरकी, सोयाबीन, तूर. बाहेरून आत येणारा माल त्या मानाने थोडा. मोठे कारखाने असलेल्या शहरात ट्रक खाली झाला की दुसरी भरती शेजारीच मिळते. येथल्या गाडीस परक्या शहरात दलालाच्या कचेरीसमोर दोन-दोन दिवस बसावे लागते, आणि अखेर मिळेल त्या भाड्यात माल उचलावा लागतो. वणीच्या बाजूस उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी येथे कोळशाच्या खाणी आहेत आणि तेथे बारमाही वाहतूक आहे. पण उर्वरित जिल्ह्यात वसंतानंतर गाड्या झाडाखाली उभ्या राहतात. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या पांदणीतून शेतापर्यंत टेम्पोही पोहोचत नाही. महामार्ग चौपदरी झाला तरी मालाचा पहिला कोस अजून चिखलातच असतो.

पण ह्याहून मोठे संकट परतीच्या मालाचेही नाही. ते उधारीचे आहे. बाजारातील सुट्या भरतीस भाड्याचा बराचसा भाग आगाऊ मिळतो. मात्र तेथे दर दलाल ठरवितो. स्थिर काम हवे तर मोठ्या ग्राहकाचे काम धरावे लागते, आणि मोठा ग्राहक बिल पाठवा म्हणतो. बिल गेले की तपासणी, मग सही, मग ‘पुढल्या महिन्यात पाहू’. वरील हिशेबात फेरीचा खर्च शेहेचाळीस हजार आहे. तीन फेऱ्यांचा एक लाख अडतीस हजार. हे पैसे पंपावर आणि टोलवर रोख जातात. भाडे दोन महिन्यांनी मिळावयाचे असेल तर दोन लाख शहात्तर हजार रुपये सतत अडकून राहतात. ते खाजगी सावकाराकडून दरमहा शेकडा दोन दराने काढले तर महिन्याचे व्याज साडेपाच हजार होते. शिल्लक होती तीन हजार. म्हणजे गाडी भरलेली गेली, भरलेली आली, चालकाने चूक केली नाही, मालाची नासाडी झाली नाही, आणि तरीही केवळ बिल उशिरा मिळाले एवढ्यामुळे धंदा तोट्यात गेला.

श्रोत्यांनी ह्या हिशेबावर क्षणभर थांबून विचार करावा. ग्राहकाने कोणाचा पैसा वापरला? बँकेने ज्याला कर्ज देताना जमिनीचे कागद मागितले, त्या लहान माणसाचा पैसा मोठ्या माणसाने दोन महिने बिनव्याजी वापरला. १८४९ च्या कंपनीस तूट आल्यास सरकार भरून देत असे. आज ट्रकवाला मोठ्या पेढ्यांची उधारी आपल्या घरच्या व्याजाने भरून देतो. हमी देणारा आणि हमी घेणारा ह्यांच्या जागाच जणू बदलल्या आहेत.

कायद्याने हे ओळखले आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे, करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. २०२४ पासून आयकराच्या नियमातही असा बदल झाला आहे की सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीबाहेर थकविले, तर प्रत्यक्ष दिल्याखेरीज तो खर्च हिशेबात वजा मिळत नाही. वाहतूक ही सेवा असल्याने नोंदणी केलेल्या लहान वाहतूकदारास ह्या तरतुदींचा आधार घेता येतो. परंतु कायद्याचे पुस्तक आणि कचेरीचा उंबरठा ह्यांत अंतर असते. ज्याच्याकडून उद्या पुन्हा भरती हवी, त्याच्यावर आज व्याजाचा दावा कोण लावील? अनेकांनी आपली नोंदणीही केलेली नसते, कारण नोंदणी म्हणजे नवा कर अशी त्यांची समजूत असते. ती समजूत खोटी आहे. ही नोंदणी ऑनलाइन व विनामूल्य होते.

गाडीचे हप्ते थकले म्हणजे वित्तसंस्थेची माणसे गाडी ओढून नेतात. नोकरदाराची मोटार गेली तर त्याची सोय जाते. ह्या तरुणाचा ट्रक गेला तर त्याच्यामागे गहाण पडलेले शेतही जाण्याचा संभव असतो. कर्जापायी झालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ह्या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले गेले. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. शेतीच्या कर्जातून सुटण्यासाठी मुलाने गाडी घ्यावी आणि गाडीच्या कर्जाने पुन्हा शेतावर यावे, असे चक्र सुरू झाले तर त्याला धंद्यातील साधे अपयश म्हणता येणार नाही.

ह्यावर उपाय कोणते? सरकारने प्रत्येक ट्रकवाल्यास नफ्याची हमी द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. शकुंतलेच्या कथेने तो मार्ग कोठे जातो हे दाखविलेच आहे. धंदा म्हटला की काही जोखीम राहावयाचीच. रस्ता चुकणे, मालाची निगा न ठेवणे, दर ठरविताना हिशेब चुकणे, ही जोखीम वाहतूकदाराची, आणि ती त्याच्याकडेच असावी. परंतु खराब पांदणीची जोखीम त्याची नव्हे, ती ग्रामपंचायतीची आणि सरकारची. उशिरा दिलेल्या बिलाची जोखीम त्याची नव्हे, ती बिल थकविणाऱ्याची. हंगामाची जोखीम एकट्याची नव्हे, ती वाटून घेण्याजोगी आहे. ज्याच्या हाती जी गोष्ट सुधारणे आहे, त्याच्याच शिरावर तिची जोखीम असावी, हा साधा न्याय झाला.

वाटून घेण्याचा मार्ग ह्या प्रांतास अपरिचित नाही. जिनिंग आणि साखर सहकाराने चालविणाऱ्या महाराष्ट्रात दहा ट्रकमालकांनी एकत्र येऊन परतीच्या मालासाठी नागपूर, मुंबई, हैदराबाद येथे आपला एक विश्वासू माणूस ठेवणे अशक्य नाही. दहा गाड्यांचा एक हिशेबनीस बिलांचा पाठपुरावा करील, आणि जे पत्र एकटा लिहिण्यास धजत नाही ते संस्थेच्या नावाने जाईल. वखारींचा उपयोगही असाच आहे. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून काम करीत आहे. २००७ च्या कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीस तारणाची किंमत आली. शेतमाल गोदामात थांबू शकला तर शेतकऱ्यास पडत्या भावात विकण्याची घाई राहत नाही, आणि चार महिन्यांत कोंबला जाणारा माल दहा महिन्यांत विभागून वाहतुकीस मिळतो. एकाच उपायाने शेतकरी आणि गाडीवाला दोघेही सावरतात.

राहिला प्रश्न सुशिक्षित शहरी कुटुंबांचा. ह्या कुटुंबांत कोणी गिरणीच्या हिशेबखात्यात असेल, कोणी दुकानाचा मालक, कोणी कारखान्याचा व्यवस्थापक, कोणी बँकेतील अधिकारी. टेबलावर वाहतुकीचे बिल येते तेव्हा ते ढिगाच्या तळाशी जाते, कारण त्याची रक्कम लहान असते आणि पाठविणारा ओरडत नाही. ते बिल पंधरा दिवस आधी वर काढणे हे धर्मादाय काम नाही. घेतलेल्या कामाचे पैसे वेळेवर देणे एवढाच त्याचा अर्थ आहे. घरी एखादी वस्तू मागविताना दोन दिवस उशीर झाला म्हणून संतापण्यापूर्वी, ती आणणाऱ्याच्या गाडीत डिझेल कोणाच्या पैशाने भरले आहे, हेही एकदा मनात यावे.

बंजाऱ्याचा तांडा मीठ घेऊन परतला की गावात आनंद होई, आणि मीठ मोजून घेतले की त्याचे मोल तेथल्या तेथे चुकते होई. धान्य, कापूस किंवा रोकड, काही ना काही त्याच्या बैलांवर चढत असे. आज गाड्यांचा वेग शतपट वाढला आहे. मालाची वाट आता मोबाईलच्या पडद्यावर पाहता येते. वाढला नाही तो फक्त पैसे परतण्याचा वेग. यवतमाळच्या रस्त्यांवरील नव्या वाहतूकदाराचे भवितव्य पुष्कळ अंशी ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.